तिसऱ्या गुणसूत्राचा हरवलेला तुकडा

कर्करोगामुळे काढलेले मूत्रपिंड पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर उभे चिरले की गाठ शोधावी लागत नाही. सभोवती तांबूस-तपकिरी मूत्रपिंड आणि मधोमध हळदीसारखा पिवळा, ठिकठिकाणी रक्त साकळलेला गोळा. हा पिवळेपणा चरबीचा असतो. याच गाठीचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पेशी रिकाम्या दिसतात. एक बारीक भिंत, मध्ये केंद्रक, बाकी सगळे पांढरे. अल्कोहोल आणि झायलीनमधून काप जाताना पेशीत साठलेली चरबी विरघळून गेलेली असते आणि ग्लायकोजेनही उरलेले नसते. त्या रिकाम्या दिसण्यावरून या कर्करोगाला ‘क्लिअर सेल’ हे नाव पडले. प्रौढांच्या मूत्रपिंडातील दर चार कर्करोगांपैकी साधारण तीन या प्रकारचे असतात.

या पेशी चरबी आणि साखर का साठवतात, गाठ रक्तवाहिन्यांनी इतकी का भरलेली असते आणि काही रुग्णांचे हिमोग्लोबिन चक्क वाढलेले का आढळते, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाशी येऊन थांबते. हे कोडे सुटल्याबद्दल २०१९चे वैद्यकशास्त्राचे नोबेल काही अंशी मिळाले असे म्हणता येईल. तरीही आज या क्षेत्राचा ताळा मांडायला बसले, तर सुटलेल्या गोष्टींइतक्याच न सुटलेल्या गोष्टी वहीत शिल्लक राहतात.

दोन धक्के

अर्बुदरोधक, म्हणजे ट्यूमर सप्रेसर, जनुकांची कल्पना मूत्रपिंडातून आली नाही. ती डोळ्यातून आली. १९७१मध्ये अमेरिकेतील आल्फ्रेड नडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यांतील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या ४८ रुग्णांची वये मांडून एक हिशेब केला. ज्या मुलांना हा आजार वारशाने येतो त्यांना तो लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो, इतरांना उशिरा आणि एकाच डोळ्यात. नडसन यांचे म्हणणे असे, की गाठ व्हायला दोन धक्के लागतात. वारसा असलेल्या मुलात पहिला धक्का जन्मतःच बसलेला असतो, दुसऱ्याचीच वाट असते. इतरांना दोन्ही धक्के एकाच पेशीत योगायोगाने बसावे लागतात. ते जनुक तेव्हा कोणी पाहिलेलेही नव्हते. हे सारे आकडेमोडीतून निघाले होते.

मूत्रपिंडाकडे लक्ष वळले १९७९मध्ये. एका कुटुंबातील दहा जणांना मूत्रपिंडाचा कर्करोग झाला होता आणि त्यांच्या पेशींत तिसऱ्या आणि आठव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली दिसली. तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर काहीतरी आहे, एवढा सुगावा लागला.

दुसरा धागा त्याहून जुना. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑयगेन फॉन हिपेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांच्या विचित्र गाठी नोंदवल्या. १९२६मध्ये स्वीडनचे आर्विड लिंडाउ यांनी त्यांचा संबंध लहान मेंदूतल्या तशाच गाठींशी जोडला. फॉन हिपेल–लिंडाउ या आनुवंशिक आजारात डोळे, मेंदू, मज्जारज्जू, स्वादुपिंड, अधिवृक्क ग्रंथी आणि मूत्रपिंड यांपैकी कुठेही गाठी येऊ शकतात. साधारण ३६ हजार जन्मांमागे एक, असे त्याचे प्रमाण सांगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मार्स्टन लिनेहान, बर्टन झ्बार आणि मायकेल लर्मन हा आजार असलेल्या कुटुंबांच्या मागे अनेक वर्षे होते. १९९३मध्ये केंब्रिजच्या गटासह त्यांनी जनुक शोधले. त्याला व्हीएचएल असे नाव पडले.

खरी कलाटणी मात्र पुढच्या वर्षी मिळाली. घराण्यात कोणालाही हा आजार नसलेल्या, सर्वसाधारण रुग्णांच्या क्लिअर सेल गाठींतही हेच जनुक बिघडलेले सापडले. दुर्मीळ घराण्यांच्या अभ्यासातून नेहमीच्या कर्करोगाचे दार उघडले, आणि नडसन यांचा हिशेब मूत्रपिंडालाही लागू पडला.

शिक्का मारणारा कारकून

अर्बुदरोधक जनुकाला गाडीच्या ब्रेकची उपमा देण्याची पद्धत आहे. व्हीएचएलच्या बाबतीत ती दिशाभूल करते. व्हीएचएलचे प्रथिन पेशीचे विभाजन थेट रोखत नाही. ते फायलींवर ‘रद्दी’चा शिक्का मारणाऱ्या कारकुनासारखे काम करते. ज्या प्रथिनावर हा शिक्का, म्हणजे युबिक्विटिन, बसतो ते पेशीच्या मोडतोड यंत्रात जाते.

शिक्का बसणारी मुख्य फाइल म्हणजे हिफ नावाचे प्रथिन. ग्रेग सेमेन्झा यांना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते सापडले, तेव्हा प्रश्न कर्करोगाचा नव्हता. हवेत प्राणवायू कमी असला की मूत्रपिंडातून तांबड्या पेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक का वाढते, हे त्यांना शोधायचे होते. प्राणवायू पुरेसा असताना हिफवर रासायनिक खूण होते, ती खूण ओळखून व्हीएचएल शिक्का मारते आणि हिफ काही मिनिटांत नाहीसे होते. प्राणवायू घटला की खूण होत नाही, हिफ टिकते आणि पेशी टंचाईच्या तयारीला लागते. नव्या रक्तवाहिन्या मागवणे, साखर ओढून घेणे, तांबड्या पेशी वाढवणे ही कामे सुरू होतात. ही साखळी पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांच्या गटांनी १९९९ ते २००१ या काळात जोडली. सेमेन्झा यांच्यासह दोघांना नोबेल मिळाले ते यासाठीच.

व्हीएचएल गेले की पेशीला प्राणवायू मुबलक असूनही आपला श्वास कोंडला आहे असा कायमचा भास होतो. पिवळी गाठ, रक्तवाहिन्यांचे जाळे, काही रुग्णांचे वाढलेले हिमोग्लोबिन हे सगळे त्या भासाचे परिणाम. पाठ्यपुस्तकातले चित्र इथे पूर्ण होते. मतभेद यापुढचे आहेत.

चुवाश मुलांचा प्रश्न

रशियात व्होल्गा नदीकाठी चुवाश नावाचा समाज राहतो. तिथल्या काही कुटुंबांत व्हीएचएलच्या दोन्ही प्रतींत एकच ठरावीक दोष असतो. ही मुले जन्मापासून गडद तांबड्या रक्ताची असतात. हिमोग्लोबिन खूप जास्त, गुठळ्यांचा धोका मोठा. नडसन यांचा नियम अक्षरशः लावला तर त्यांना मूत्रपिंडाचा कर्करोग ठरलेलाच असायला हवा. पण त्यांच्यात या गाठींचा कल वाढलेला आढळत नाही.

जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट भागात उगम असलेला दुसरा एक दोष आहे. त्या घराण्यांत अधिवृक्क ग्रंथींच्या गाठी भरपूर, पण मूत्रपिंडाचा कर्करोग कमी. आणि आश्चर्य म्हणजे, व्हीएचएल जनुक शेजारच्या एका विशिष्ट जनुकासकट मुळातून पुसले गेलेल्या रुग्णांत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका घटतो.

याचा अर्थ लावणारी दोन मते आहेत. पहिले मत मात्रेचे. चुवाश दोषात व्हीएचएलचे काम मंदावते, बंद पडत नाही. हिफ थोडेसे वाढते, रक्त वाढते, पण गाठीला लागणारी पातळी गाठली जात नाही. दुसरे मत असे, की व्हीएचएल हिफशिवाय इतरही कामे करते. पेशीभोवतीची चौकट नीट ठेवणे, पेशीवरची केसासारखी सिलिया राखणे ही त्यांतली काही. कुठले काम बिघडले यावर कुठे गाठ येईल हे ठरते. अधिवृक्क ग्रंथींपुरते दुसऱ्या मताला बळ आहे, कारण ज्या दोषांत हिफचे नियंत्रण जवळजवळ शाबूत राहते, त्या दोषांतही तिथे गाठी येतात. मूत्रपिंडात मात्र हिफचे पारडे जड आहे, असे उपलब्ध पुराव्यावरून म्हणावे लागते.

त्यातही हिफ एकच नाही, इथे महत्त्वाचे दोन आहेत. माणसाच्या कर्करोगपेशींवरील प्रयोगांत हिफ-२ गाठ वाढवते आणि हिफ-१ तिला आवर घालते असे दिसले. हिफ-१चे जनुक चौदाव्या गुणसूत्रावर आहे आणि अनेक गाठींत नेमका तोच भाग गळालेला असतो. म्हणून हिफ-१ स्वतःच एक अर्बुदरोधक मानावा, असे केलिन यांच्या गटाने सुचवले. उलट उंदरांवरच्या काही प्रयोगांत गाठ तयार होण्यासाठी हिफ-१ अत्यावश्यक ठरले आणि हिफ-२ दुय्यम. उंदीर आणि माणूस यांतला हा फरक आहे, की गाठीच्या सुरुवातीला एक आणि नंतर दुसरे महत्त्वाचे असते, यावर एकमत नाही.

एका तुटीत चार जनुके

व्हीएचएल घालवूनही गाठ होत नाही, हे उंदरांनी आणखी स्पष्ट केले. मूत्रपिंडातून केवळ व्हीएचएल काढलेल्या उंदरांना क्लिअर सेल कर्करोग होत नाही. माणसातही तेच दिसते. फॉन हिपेल–लिंडाउ आजार असलेल्या एका मूत्रपिंडात सूक्ष्म गाठी आणि पुटकुळ्या शेकड्यांनी असतात. त्यांतली प्रत्येक व्हीएचएल गमावलेल्या पेशीपासून आलेली, पण रुग्णाला त्रास देण्याइतक्या वाढतात त्या मोजक्याच. लिनेहान यांच्या संस्थेत सर्वांत मोठी गाठ तीन सेंटिमीटरची होईपर्यंत चाकू लावत नाहीत. लहान गाठी सहसा पसरत नाहीत आणि प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक मूत्रपिंड कमी होत जाते, असा हा अनुभवातून आलेला हिशेब आहे. मला तर या एका नियमात जनुकशास्त्राच्या कित्येक निबंधांपेक्षा जास्त शहाणपण दिसते.

तर मग दुसरे काय लागते? २०१० ते २०१२ या तीन वर्षांत, गाठींचे जनुकक्रम वाचणे स्वस्त झाल्यावर, आणखी तीन नावे पुढे आली. पीबीआरएम१ हे क्लिअर सेल गाठींपैकी साधारण ४० टक्क्यांत बिघडलेले, सेटडी२ आणि बॅप१ त्याहून बऱ्याच कमी गाठींत. तिन्ही जनुके गुणसूत्रावरील डीएनएची गुंडाळी, म्हणजे कुठले जनुक वाचले जाईल आणि कुठले मिटून राहील, हे ठरवण्यात भाग घेतात. आणि चारही, व्हीएचएल धरून, तिसऱ्या गुणसूत्राच्या त्याच आखूड बाहूवर आहेत. तो तुकडा एकदा गळाला, की चौघांची एकेक प्रत एका फटक्यात जाते. ९० टक्क्यांहून अधिक क्लिअर सेल गाठींत तो गळालेला असतो. नडसन यांचे दोन धक्के इथे असे विभागले जातात: पहिला धक्का चौघांना एकत्र, दुसरा प्रत्येकाला वेगळा. पोटातील आणि स्तनाच्या अनेक कर्करोगांत पुढे असणारा पी५३ मात्र इथे क्वचितच बिघडलेला आढळतो.

२०१८मध्ये ब्रिटनमधील ट्रेसरएक्स रीनल प्रकल्पाने १०१ रुग्णांच्या गाठींच्या हजाराहून अधिक तुकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासोबतच्या एका शोधनिबंधाने असा अंदाज मांडला, की तिसऱ्या गुणसूत्राचा तुकडा बहुतेकदा बालपणात किंवा किशोरवयात, निदानाच्या कित्येक दशके आधी गळतो. साठीतल्या माणसाच्या गाठीची पहिली घटना शाळेच्या वयात घडलेली असते. मूत्रपिंडात अशा काही शे पेशी उरतात आणि पुढची तीस-चाळीस वर्षे काहीच होत नाही. या मधल्या काळात नेमके काय थांबलेले असते, हा माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोठा उघडा प्रश्न आहे.

त्याआधी, २०१२मध्ये, लंडनच्या एका गटाने डॉक्टरांना अडचणीत टाकणारी गोष्ट दाखवली होती. एकाच गाठीचे वेगवेगळे भाग तपासले, तर त्यांतली सुमारे दोन तृतीयांश उत्परिवर्तने सगळीकडे सापडत नाहीत. एका गाठीत सेटडी२ हे जनुक तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या प्रकारे मोडलेले होते. म्हणजे सुईने घेतलेली एक बायोप्सी गाठीच्या एकाच कोपऱ्याचा जबाब असते. व्हीएचएल आणि तिसऱ्या गुणसूत्राचा तोटा मात्र सर्वत्र, कारण ते झाडाचे खोड आहे. पसरण्याची ताकद मात्र व्हीएचएलमधून येताना दिसत नाही. ती नवव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या तोट्याशी जास्त निगडित आहे.

बाकीची घराणी

क्लिअर सेल सोडून इतर प्रकारांचे जनुकशास्त्र वेगळे आहे, आणि त्यांचा उल्लेख इथे धावता करतो. आनुवंशिक पॅपिलरी प्रकारामागचे मेट हे जनुक अर्बुदरोधक नाही. ते बिघडल्याने अति काम करू लागते, म्हणून तिथे दोन धक्क्यांचा नियम लागत नाही. १९७७मध्ये कॅनडात वर्णन झालेल्या बर्ट–हॉग–ड्युबे आजारात चेहऱ्यावर पुटकुळ्या, फुप्फुसांत हवेचे फुगे आणि मूत्रपिंडात गाठी येतात. त्याचे जनुक २००२मध्ये सापडले. त्याच वर्षी सापडलेले फ्युमरेट हायड्रेटेजचे जनुक सर्वांत धोकादायक. त्यातून होणारा कर्करोग लहान असतानाच पसरतो, म्हणून तीन सेंटिमीटरचा नियम तिथे अजिबात पाळायचा नसतो. लहान मुलांच्या विल्म्स अर्बुदाचा विषय यापासून निराळाच आहे.

औषधे: किती अचूक?

जनुकांच्या ज्ञानाने उपचार बदलले का? बदलले, पण वाकड्या वाटेने. २००५–०६मध्ये आलेली सोराफेनिब, सुनिटिनिब ही औषधे हिफच्या सांगण्यावरून होणारी रक्तवाहिन्यांची वाढ रोखतात. ती देताना रुग्णाचे व्हीएचएल कोणी तपासत नाही. तपासून फारसा फरक पडतो असेही दिसले नाही.

हिफ-२वर थेट निशाणा साधणे अशक्य मानले जाई. टेक्सासच्या डॅलसमधील संशोधकांना त्या प्रथिनात एक रिकामी खोबण सापडली, तिच्यात बसणारा रेणू घडवला गेला आणि त्यातून बेल्झुटिफान आले. फॉन हिपेल–लिंडाउ आजार असलेल्या ६१ जणांच्या चाचणीत जवळपास निम्म्यांच्या मूत्रपिंडातील गाठी लक्षणीय आकसल्या. २०२१मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, २०२३च्या अखेरीस पसरलेल्या कर्करोगासाठीही. पसरलेल्या कर्करोगाच्या चाचणीत गाठी आकसण्याचे प्रमाण साधारण पाचात एक होते. आयुष्य नक्की वाढले, असे मात्र त्यातून सिद्ध झाले नाही. औषधाचा नेहमीचा दुष्परिणाम रक्तक्षय आहे. हिफ-२ हेच एरिथ्रोपोएटिन चालवते, तेव्हा तो होणारच. चुवाश मुलांच्या आजाराची ही नेमकी उलटी बाजू.

समर्थक म्हणतात, जनुकापासून औषधापर्यंतचा इतका सरळ प्रवास कर्करोगात विरळा. शंका घेणारे विचारतात, बहुतेक गाठींत व्हीएचएल गेलेले असताना पाचांतल्या चार जणांत गाठी आकसत का नाहीत? हिफ-२मध्येच उत्परिवर्तन होऊन औषध बसेनासे होते, हे काही रुग्णांत दिसले आहे. बाकीच्यांत गाठीला हिफ-२ची गरजच उरलेली नसावी, असा तर्क आहे.

इम्युनोथेरपीबाबत वाद आणखी गुंतागुंतीचा. मूत्रपिंडाच्या गाठींत उत्परिवर्तने मुळात कमी, तरी प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे लागू पडतात. त्यामागे वाचनचौकट सरकवणारी लहान भर आणि तुटी जास्त असणे, किंवा जनुकसंचातले प्राचीन विषाणूंचे अवशेष जागे होणे, अशी कारणे सुचवली गेली आहेत. पीबीआरएम१ बिघडलेल्या रुग्णांना निव्होलुमॅब या अशाच औषधाचा फायदा जास्त होतो, असे २०१८मध्ये एका छोट्या अभ्यासात दिसले. पुढच्या काही अभ्यासांनी दुजोरा दिला, काहींनी, विशेषतः ज्यांत हे औषध पहिलाच उपचार म्हणून दिले होते, दिला नाही. बॅप१ बिघडले असता आजार आक्रमक असतो, यावर मात्र बऱ्यापैकी एकमत आहे. तरी आजही रुग्णाचा पुढचा अंदाज बांधताना जनुक-चाचणीपेक्षा हिमोग्लोबिन, कॅल्शियम, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स आणि रुग्ण किती हिंडता-फिरता आहे, यांवरच भर दिला जातो.

वारसा शोधण्यासाठीच्या चाचणीचे तसे नाही. वय ४६ किंवा त्याहून कमी असेल, दोन्ही मूत्रपिंडांत गाठी असतील किंवा जवळच्या नात्यात हाच कर्करोग असेल, तर जनुक-समुपदेशन घ्यावे, अशी शिफारस अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत आहे. मुंबईच्या टाटा मेमोरिअल सेंटरमध्ये त्यासाठी कर्करोग-जनुकशास्त्राचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहे.

पहिला धक्का कोण देतो?

उत्परिवर्तने येतात कुठून, हा प्रश्न सर्वांत कमी सुटलेला. ट्रायक्लोरोएथिलीन या धातू धुण्याच्या द्रावकामुळे मूत्रपिंडाचा कर्करोग होतो हे मान्य आहे. पण ते व्हीएचएलच्या एका ठरावीक जागी घाव घालते, या १९९०च्या दशकातल्या जर्मन निष्कर्षाला नंतरच्या फ्रेंच अभ्यासात पुष्टी मिळाली नाही.

२०२४मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात ११ देशांतील ९६२ क्लिअर सेल गाठींचा संपूर्ण जनुकक्रम वाचला गेला. डीएनएवर घाव घालणारी प्रत्येक गोष्ट आपल्या हस्ताक्षरात लिहून जाते, हे त्यामागचे तत्त्व. रुमानिया, सर्बिया आणि थायलंडमधील गाठींत ॲरिस्टोलोकिक आम्लाचे हस्ताक्षर सापडले. हे आम्ल ॲरिस्टोलोकिया वंशाच्या वनस्पतींत असते. बाल्कन देशांत त्यांतली एक गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवते आणि पिठात मिसळते. ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांतून याच आम्लाने १९९०च्या दशकात शंभराहून अधिक जणांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडे बिघडवली. जपानमधील सुमारे ७० टक्के गाठींत वेगळेच हस्ताक्षर आहे, ते कोणाचे याचा पत्ता नाही. लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब या दोन मोठ्या कारणांचे मात्र कुठलेच हस्ताक्षर मिळाले नाही. ती बहुधा डीएनए मोडत नाहीत, आधीच मोडलेल्या त्या काही शे पेशींना वाढायला जागा देत असावीत, असा तर्क केला जातो.

ॲरिस्टोलोकियाची एक जात आपल्याकडे रानात उगवते. ईश्वरी किंवा सापसंद या नावाने तिची मुळी जुन्या औषधांत वापरली गेली आहे. २०२४च्या अभ्यासातले ११ देश म्हणजे चेकिया, रशिया, ब्रिटन, लिथुआनिया, पोलंड, रुमानिया, सर्बिया, ब्राझील, कॅनडा, थायलंड आणि जपान. त्या यादीत भारत नाही.